मंगळवारी संध्याकाळी बॉल कुठे असतो?

शुक्रवार, १५ सप्टेंबर २०१७. गणपती नुकतेच गेले होते, नवरात्र यायचं होतं. मधल्या रिकाम्या दिवसांत राज्य सरकारने एक नवा सण बसवला. नाव ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’. राज्यातल्या दहा लाख मुलामुलींनी एकाच दिवशी फुटबॉल खेळायचा.

शाळाशाळांत बॉल पोचले. गणवेशातली पोरं पटांगणात उतरली. ज्यांनी फुटबॉल टीव्हीवरसुद्धा धड पाहिला नव्हता, त्यांनीही त्या दिवशी बॉलला पाय लावला. फोटो निघाले, पेपरात आले.

चांगलं झालं. मनापासून सांगतो, चांगलंच झालं.

आता माझा प्रश्न. त्यानंतरच्या मंगळवारी, १९ सप्टेंबरला, संध्याकाळी पाच वाजता ते बॉल कुठे होते?

याचं उत्तर अहवालात सापडत नाही. ते कपाटात सापडतं.

असलं एक कपाट मी पाहिलंय. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं घाटाखालचं गाव, जिल्हा परिषदेची शाळा. नाव सांगत नाही, कारण दोष त्या शाळेचा नाही. लोखंडी कपाट, दाराला खालून गंज. आत जुनी हजेरीपत्रकं, झेंड्याची गुंडाळलेली दोरी, खिचडीचा मोठा झारा, आणि सगळ्यात खालच्या फळीवर दोन फुटबॉल. एक अर्धा चेपलेला. दुसऱ्याचं कातडं शिवणीपाशी उललेलं, त्यातून काळी ट्यूब डोकावत होती. दोन्हींवर धुळीचा थर, आणि धुळीत बोटाने काढलेली रेघ. कुणीतरी पोराने जाता-येता, कपाट उघडं असताना, हात लावून पाहिलेला.

दारात चारपाच पोरं उभी होती. विचारलं, खेळता का रे?

“बॉल कपाटात राह्यते. चाबी मोठ्या सरांजवळ हाय.”

आणि सर कुठे आहेत?

“मीटिंगले गेले.”

सरांची बाजूही ऐका. बॉलची नोंद होते डेडस्टॉक रजिस्टरला. तपासणीला साहेब आले की मोजणी होते. बॉल फुटला तर लिहून द्यायचं कुणी? हरवला तर भरायचा कुणी? म्हणून शाळेचा बॉल सगळ्यात सुरक्षित कधी असतो? कुणी खेळत नाही तेव्हा.

खडू झिजला म्हणून शिक्षकाला कुणी जाब विचारत नाही. खडू झिजला म्हणजे शिकवलं, असा त्याचा अर्थ होतो. मग फुटबॉल फाटला म्हणजे खेळवलं, असा अर्थ का होत नाही? वर्षाअखेर ज्या शाळेचा बॉल कोराकरकरीत सापडेल, खुलासा त्या शाळेला मागा.

आणि खेळवणार कोण, हेही एकदा समोरासमोर बोलू. २००९चा शिक्षण हक्क कायदा शाळेला खेळाचं मैदान हवं म्हणतो. सहावी ते आठवीत शंभराच्या वर पट असेल तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्या म्हणतो. शंभराच्या खाली पट असलेल्या खेड्यातल्या पोरांना पाय नसतात का? दोन शिक्षक, चार वर्ग, वर मतदार यादी, वर ऑनलाइन माहिती. त्या माणसाने शिट्टी कधी वाजवायची?

वाजवतात काही जण. शाळा सुटल्यावर, स्वतःच्या खर्चाने. त्यांच्या जिवावर आपण जिल्ह्याचं क्रीडाप्रेम मिरवतो.

दिवस मात्र वाढत चाललेत. २९ ऑगस्ट, ध्यानचंद यांचा जन्मदिवस, राष्ट्रीय क्रीडा दिन. १५ जानेवारी, खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन. आणि २०२४ साली संयुक्त राष्ट्रांनी आणखी एक दिला, जागतिक फुटबॉल दिन. १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमधल्या फुटबॉल स्पर्धेची शंभरी म्हणून तारीख निवडली २५ मे.

२५ मे! शेगाव-नांदुऱ्यात त्या दिवशी दुपारी कुत्रं सावली सोडत नाही. शाळांना कुलूप असतं, विदर्भात ती जूनच्या अखेरीला उघडतात. न्यूयॉर्कला बसून तारीख ठरवणाऱ्यांना घाटाखालचं ऊन माहीत नसणार, हे कबूल. पण आपल्याला तर माहीत आहे ना? मग परिपत्रक आलं की त्याच तारखेचा फोटो पाठवायची घाई आपण का करतो?

खेळाला तारीख लागत नाही. वेळ लागते.

२०१७च्या त्या दहा लाखांच्या सणामागे कारण होतं. तीन आठवड्यांनी, ६ ऑक्टोबरला, सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात सुरू व्हायचा होता. सहा शहरं, त्यात आपली नवी मुंबई. आपली पोरं जिद्दीने खेळली. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जीक्सन सिंगने मारलेला गोल हा फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. स्टेडियममध्ये मिळून १३,४७,१३३ माणसं आली, त्या वयोगटाच्या विश्वचषकातला तो विक्रम.

प्रेक्षक साडेतेरा लाख. आपले गोल एक.

पाच वर्षांनी, २०२२ला, मुलींचा विश्वचषकही आपण भरवला. अमेरिका ०-८, मोरोक्को ०-३, ब्राझील ०-५. या पोरींना नावं ठेवणाऱ्याने आधी एवढंच सांगावं: त्याच्या तालुक्यात मुलींचा सामना दर आठवड्याला कुठल्या मैदानावर होतो?

सांगता येत नसेल तर गप्प बसावं.

मग १४ डिसेंबर २०२५ला मेस्सी मुंबईला आला. वानखेडेवर सोहळा झाला आणि त्याच मंचावरून सरकारचा ‘महादेवा’ प्रकल्प पुढे आला. तेरा वर्षांखालची राज्यातली साठ गुणी मुलंमुली निवडायची, त्यांना पाच वर्षं शिष्यवृत्ती आणि प्रशिक्षण द्यायचं. योजना मला आवडली. एका दिवसाच्या पुढे पाहणारी आहे, मुली आणि मुलगे सारखे घेणारी आहे.

पण हिशेब करा. साठ मुलं, छत्तीस जिल्हे. जिल्ह्याच्या वाट्याला दोनसुद्धा धड येत नाहीत. बुलढाणा जिल्ह्यात तालुके तेरा. ज्याची निवड झाली त्याचं भलं झालं. निवडीला आलेल्या बाकीच्या पोरांना परत जाताना बस मिळाली. खेळ मिळाला का?

आणि निवडायचं कशातून? जी मुलं दर आठवड्याला खेळतात त्यांच्यातून निवड होते. जी वर्षातून एकदा खेळतात त्यांच्यातून फक्त उंच पोर उचललं जातं.

मेस्सी मुंबईला आला त्याच्या आदल्या दिवशी कोलकात्याला होता. महागडी तिकिटं काढून आलेल्या लोकांना तो काही मिनिटं, तेही माणसांच्या गराड्यात, दिसला. लोकांनी खुर्च्या मोडल्या, बाटल्या फेकल्या. फुटबॉलवर जीव टाकणारं शहर ते! बॉल राहिला बाजूला, दर्शन तेवढं मागितलं गेलं, आणि तेही मिळालं नाही.

इथे मला पोळा आठवतो.

पोळा कधी येतो? पेरणीच्या आधी? नाही. नांगरट होते, वखरणी होते, पेरणी होते, डवरे फिरतात. बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात. मग श्रावणातल्या अमावास्येला आपण त्या खांद्याला तूप-हळद लावतो, झूल घालतो, शिंगं रंगवतो. आधी कष्ट, मग मान. ज्या बैलाने औतच ओढलं नाही त्याला सजवून तोरणाखाली उभा करणारा शेतकरी मी अजून पाहिला नाही.

फुटबॉलचं मात्र आपण उलटं करतो. आधी झूल, आधी तोरण, आधी वाजंत्री. औत कधीच नाही.

शेगावचंच बघा. गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाते. आधी चालणं, मग कळस. शेगावी मंदिरात स्वच्छता राखणारे सेवाधारी कुठून येतात? गावोगावचे लोक आपापली पाळी लावून येतात, ठरल्या दिवशी हजर होतात, सेवा करून घरी जातात. ना गळ्यात हार, ना स्टेजवर खुर्ची. आपल्या जिल्ह्यातल्या साध्या माणसांनी पाळीपाळीने काम करायची ही रीत सगळ्या देशाने येऊन पाहिली.

त्यातल्या दहाजणांनी आपल्या गावात आठवड्यातली एक संध्याकाळ पोरांसाठी पाळीने वाटून घेतली तर? शिट्टी एकाची, पाण्याचा माठ दुसऱ्याचा, मैदानावरचे खडे-काटे वेचणं तिसऱ्याचं. फुटबॉल कळायलाच हवा असंही नाही. वेळेवर यावं लागेल.

सगळ्यात अवघड तेच आहे.

आणि हे जिल्ह्यात होत नाही असं कुणी म्हणू नये. झालंय. फुटबॉलमध्ये नाही, धनुर्विद्येत. मे २०२३, शांघाय, विश्वचषक. कंपाउंड प्रकाराची अंतिम फेरी. समोर नेदरलँड्सचा माइक श्लोसर, जगातल्या अव्वल धनुर्धरांपैकी एक. आपला प्रथमेश जावकर १४९, श्लोसर १४८. एका गुणाने सुवर्ण. त्याच ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण. पोरगा बुलढाण्याचा.

त्याच्यामागे कोण? चंद्रकांत इलग. पोलीस खात्यातली नोकरी सांभाळून मुलांना धनुष्य धरायला शिकवणारा माणूस. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या पोलीस मोनाली जाधव २०१९ला चीनमध्ये चेंगडूला जागतिक पोलीस स्पर्धेत सुवर्ण जिंकून आल्या.

एका दिवशी दहा लाख बाण मारायचा कार्यक्रम बुलढाण्यात कुणी केला होता का? नव्हता केला. एक माणूस रोज मैदानावर येत होता.

एवढंच होतं. आणि एवढंच कुणाला नको असतं, कारण रोजच्या कामाचं उद्घाटन करता येत नाही.

आपल्याकडे तयारीचा तुटवडा नाही, हेही सांगतो. गणपतीचं मंडळ काय काय करतं? वर्गणी गोळा करतं, पावती फाडतं, पोलीस ठाण्याची परवानगी आणतं, वीज घेतं, रात्रीचा पहारा लावतं, दहा दिवस शेकडो माणसांचा महाप्रसाद उठवतं. खामगावला तर कोजागरीपासून मोठ्या देवीचा उत्सव वेगळा. असलं संघटन ज्या जिल्ह्यात आहे, तिथे आठवड्यातून दोनदा वीस पोरांना एक बॉल मिळत नाही?

हे मला कुणीतरी समजावून सांगा.

कोल्हापूरला ते समजलं. तिथे फुटबॉल खेळतात कोण? तालीम मंडळं. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. पेठेचा गणपती बसवणारी तीच मंडळं पेठेचा संघ उतरवतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली म्हातारी माणसंसुद्धा निकाल विचारतात. तिथे उत्सवात फुटबॉल घुसवावा लागला नाही, फुटबॉलचाच हंगाम झाला. २०१७च्या विश्वचषकातल्या भारतीय संघात महाराष्ट्राचा अनिकेत जाधव होता. कोल्हापूरचा. यात नवल काय?

कोल्हापूरचे वादही आहेत, हुल्लडही आहे. ते घेऊ नका. पेठेने संघाचं पालकत्व घेतलं, तेवढं घ्या.

आपल्याकडे पैसा कुठे जातो ते रस्त्यावरच्या बॅनरवर लिहिलेलं असतं. भाऊंच्या वाढदिवसानिमित्त भव्य टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा, प्रथम बक्षीस अमुक हजार, मालिकावीराला सायकल. खेळतात पंचविशी-तिशीतले गडी, बाहेरगावाहून आणलेले. गावातली दहा-बारा वर्षांची पोरं काय करतात? सीमारेषेबाहेर जाऊन बॉल आणून देतात.

त्या पोरांच्या नावाने स्पर्धा भरवणारा भाऊ मला हवा आहे. पोस्टरवर पाहिजे तेवढा मोठा फोटो लावा, तक्रार नाही. फक्त बक्षिसाची रक्कम काढा आणि त्या पैशात दहा गावांना वर्षभराचे बॉल द्या.

खेळवायचं कसं, तेही बोलू. उत्सवात काय होतं? मोठं मैदान, चुन्याच्या रेघा, अकरा विरुद्ध अकरा, आणि खेळणारी पोरं आठ वर्षांची. बॉल पाच नंबरचा, तो आठ वर्षांच्या पायाला मोठा आणि जड. शिट्टी वाजते आणि वीसच्या वीस पोरं बॉलमागे एका घोळक्यात धावतात. सगळ्यात दांडगा पोरगा बॉलला दहा वेळा लाथ मारतो. कडेचा बारीक मुलगा अर्ध्या तासात एकदाही नाही.

घरी गेल्यावर आई विचारते, काय खेळला? तो सांगतो, फुटबॉल. खेळला का तो?

पाच विरुद्ध पाच खेळवा. शाळेच्या पटांगणाच्या एका कोपऱ्यात मावतं. गोलपोस्टला चार विटा, नाहीतर चार चपला. आठ-दहा वर्षांच्या पोरांना चार नंबरचा बॉल. प्रत्येकाच्या पायाला बॉल लागतो, प्रत्येकाला पास द्यावा लागतो, लपायला जागा नसते. फुटबॉल शिकलेली राष्ट्रं लहान मुलांना असंच खेळवतात. त्यांना मैदानं कमी आहेत म्हणून नाही, पोरं शिकतात म्हणून.

मातीचंही ऐकून घ्या. आपली काळी माती ऑगस्टात पाय धरून ठेवते. चार पावलं टाकली की पायाखाली चिखलाचा थर, बॉल लाथ मारल्यावर तीन हात जाऊन रुततो. एप्रिलला त्याच जमिनीला भेगा पडतात, घोट्याचं हाड मोडेल अशा. मग हंगाम उरतो कुठला? दिवाळी ते होळी. सोयाबीन सोंगून झालेलं असतं, हवा गार, जमीन कोरडी. चार महिने, आठवड्याला एक सामना, शेजारच्या चार गावांत. सोळा-सतरा शनिवार होतात.

सुब्रतो चषकाच्या आणि शालेय स्पर्धा पावसाळ्यातच सुरू होतात. तालुका, जिल्हा, मग अमरावती विभाग. हरलेला संघ पहिल्याच दिवशी घरी. म्हणजे निम्म्या शाळांचं फुटबॉलचं वर्ष तासाभरात, चिखलात, संपतं.

हरलेल्याला पुढच्या शनिवारी पुन्हा खेळता आलं पाहिजे. त्याशिवाय हरणं शिकणार कसं?

मुलींचं पुन्हा काढतो, कारण तो विषय नेहमी भाषणाच्या शेवटच्या मिनिटाला येतो. तेरा वर्षांची मुलगी मैदानावर का येत नाही? आवड नाही म्हणून? मी विचारलंय. एक म्हणाली, एकटीले नाही पाठवत. दुसरी म्हणाली, चड्डी घालून गावातून कसं जावं? तिसरी काहीच बोलली नाही, फक्त शाळेच्या बंद संडासाकडे पाहिलं. यातलं एकही कारण फुटबॉलचं नाही, आणि एकही असं नाही की जे गावाला सोडवता येत नाही. पाच जणी एकत्र निघाल्या की पहिलं सुटतं. खाली लेगिंग घातली की दुसरं सुटतं. तिसऱ्याला एक कुलूप आणि पाण्याची टाकी लागते.

१२ जानेवारीला सिंदखेडराजाला लाखो माणसं जिजाऊंना वंदन करायला येतात. त्या आठवड्यात, जिजाऊंच्या माहेरी, जिल्ह्यातल्या तेराही तालुक्यांच्या मुलींचे अंतिम सामने व्हावेत, असं मला फार वाटतं. पण दिवाळीपासून त्या खेळत आलेल्या असाव्यात. त्या दिवशी पहिल्यांदा बॉल पाहणाऱ्या नकोत.

तेव्हा वाजवा वाजंत्री. मी स्वतः येईन.

फायदे सांगा, असं कुणी म्हणेल. पालक हमखास विचारतात, दहावीला गुण मिळतील का? मिळतात, पण ठरावीक स्पर्धा खेळलेल्यांना. बाकीच्यांना काय मिळतं ते गुणपत्रिकेत मावत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पाच ते सतरा वयाच्या मुलाने रोज सरासरी साठ मिनिटं अंग हलवलं पाहिजे. याच संघटनेच्या संशोधकांनी २०१९ला हिशेब मांडला. जगात ११ ते १७ वयाच्या शंभरातल्या ८१ मुलांची पुरेशी हालचाल होत नाही.

खेड्यातल्या पोराला कायले पाहिजे खेळ, ते तर शेतात राबते, असं पूर्वी म्हणायचे. आज त्या घरात जाऊन बघा. पोरगं भिंतीला पाठ लावून मोबाइलवर मान मोडून बसलेलं असतं. त्या मोबाइलमध्येही बऱ्याचदा फुटबॉलच असतो. अंगठ्याने खेळायचा.

जो तासभर पळाला त्याला रात्री भूक लागते आणि झोप लागते. आईबापाला यापेक्षा मोठा फायदा दुसरा कोणता दाखवू? आणि एक गोष्ट मी दुरून पाहिली आहे. पास देताना पोरगं समोरच्याचं आडनाव विचारत नाही. मोकळा कोण आहे तेवढंच पाहतं. ज्या गावात वस्ती-वस्तीचे रस्ते वेगळे, पाणवठ्याच्या आठवणी वेगळ्या, तिथे पाच जणांच्या संघात कोण कुठल्या वस्तीचा हे दोन सामन्यांनंतर कुणाच्या लक्षातही राहत नाही.

सामाजिक सलोख्याच्या सभेला यातली किती पोरं आली असती?

नागपूरला २००१ साली पावसात झोपडपट्टीतली काही पोरं फुटकी बादली लाथाडत खेळत होती. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी ते पाहिलं. बॉल दिला, सामने लावले, आणि थांबले नाहीत. झोपडपट्टी फुटबॉलला पुढे ‘स्लम सॉकर’ नाव मिळालं, २०१६ला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, २०२२ला त्यावरचा नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ चित्रपट आला. आपण सगळ्यांनी थेटरात टाळ्या वाजवल्या.

टाळ्या अमिताभला पडल्या. बादली विदर्भाची होती.

पावसात बादली लाथाडणाऱ्या पोरांना फुटबॉलची गोडी लावावी लागत नाही. जनजागृती, प्रभातफेरी, घोषवाक्य स्पर्धा यातलं काही लागत नाही. पोरं कधीची तयार आहेत. कपाटाच्या चाबीची तेवढी जागृती बाकी आहे.

त्या घाटाखालच्या शाळेत मी पुन्हा गेलो. मंगळवारच होता. मुद्दाम निवडला होता. मोठे सर होते. हसून म्हणाले, साहेबांनी विचारलं तर तुमचं नाव सांगतो. आणि कपाट उघडलं.

फाटका बॉल तसाच राहू दिला. चेपलेला बाहेर काढला. सायकलचा पंप गावातल्या दुकानातून आणलेला, पिन मी तालुक्याहून खिशात घालून नेलेली. एवढीशी सुई, पण तिच्यावाचून तो बॉल किती वर्षं पडून होता कुणास ठाऊक. कोरडी पिन घातली की बॉलचा वॉल्व्ह फाटतो, हे मला ठाऊक होतं. पण एका पोराने माझ्या हातातून पिन घेतली, जिभेवर धरून ओली केली, आणि अलगद आत सरकवली.

“तुले कोणं शिकवलं रे?”

“मोबाइलमंधी पाह्यलं होतं.”

दोघांनी पंप दाबला. चुरगळलेलं कातडं हळूहळू ताठ झालं, घड्या उघडल्या, आणि घडीत अडकलेली धूळ उडाली. त्याने बॉल दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिला, कानाशी नेला, हवा जाते का ऐकलं. मग फरशीवर एकदा टाकला. तो छातीएवढा उसळला.

वऱ्हांड्यातून आत डोकावणारी पोरं तोवर पटांगणात पोचली होती. चपला काढून दोन गोलपोस्ट झालेही होते. कडेला दप्तर पोटाशी धरून एक बारकी मुलगी उभी होती. पिनवाल्याने जाता जाता तिला विचारलं, “येतं का? आमच्यात एक कमी हाय.”

तिने दप्तर खाली ठेवलं.